मेल सर्व्हरचा कारभार: पोचवण्यापासून अडवण्यापर्यंत

कंपनीचा मेल सर्व्हर चालवणे म्हणजे चार प्रश्नांची उत्तरे नीट लिहून ठेवणे: पत्र कोणाकडून घ्यायचे, आपल्यापैकी कोणाच्या मेलबॉक्समध्ये टाकायचे, बाहेरच्याचे असेल तर कोणत्या वाटेने धाडायचे आणि पोचलेच नाही तर काय करायचे. पूर्वी ही उत्तरे एका कॉन्फिगरेशन फाइलीत असत. आता बऱ्याच ठिकाणी ती ब्राउझरच्या खिडकीत खुणा करून दिली जातात. प्रश्न चाळीस वर्षांत बदललेले नाहीत. पहिल्याचे उत्तर मात्र पुरते उलटले. १९८२ साली ते 'कोणाकडूनही' असे होते. आज ते 'ज्याची ओळख पटली त्याच्याकडूनच, आणि तरीही तपासून' असे आहे. मेल सर्व्हरवरच्या बहुतेक सेटिंगांच्या मागे या बदलातली एखादी ठळक घटना सापडते.

सुरुवातीला सर्व्हर असा नव्हताच. एमआयटी या अमेरिकन संस्थेत १९६५ साली टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी सीटीएसएस या सामायिक संगणकासाठी 'मेल' नावाची आज्ञा लिहिली. एकाच यंत्रावर अनेकांची खाती होती. एकाने दुसऱ्याच्या फाइलीत मजकूर जोडला की पत्र पोचले. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र नेण्याचे काम १९७१ च्या अखेरीस बीबीएन या कंपनीत रे टॉमलिन्सन यांनी केले. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये 'अ‍ॅट'चे चिन्ह त्यांनीच घातले. पुढची बरीच वर्षे आर्पानेट या त्या काळच्या संगणक-जाळ्यावरची पत्रे फाइली पाठवण्याच्या नियमावलीचाच आधार घेऊन जात. त्या नियमावलीचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये लिहिणारे अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर होते. कोणते यंत्र कोणत्या क्रमांकावर आहे याची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे. ठिकठिकाणच्या व्यवस्थापकांनी ती अधूनमधून उतरवून घ्यायची, एवढ्यावर जाळे चालत होते.

मे १९७८ मध्ये डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थ्युर्क यांनी नव्या यंत्राच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण आर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकदम पाठवले. पत्ते इतके झाले की ठरलेल्या जागेत मावेनात आणि मजकुरात सांडले. तक्रारी झाल्या, समज दिली गेली आणि प्रकरण तिथेच मिटले. पाठवणारा कोण हे सर्वांना ठाऊक होते, त्यामुळे ते सर्व्हरने विचारावे असे कोणाला सुचले नाही.

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिलेली एसएमटीपी ही नियमावली आरएफसी ८२१ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली, तीही याच भरवशावर. दोन सर्व्हरमधले संभाषण इतके साधे आहे की माणसाला ते हाताने टंकूनही करता येते. येणारा सर्व्हर २५ क्रमांकाच्या पोर्टवर 'हेलो' म्हणून आपले नाव सांगतो. मग पत्र कोणाकडून, कोणाला आणि शेवटी मजकूर. ओळीत एकटाच पूर्णविराम आला की मजकूर संपला असे समजायचे. उत्तरे तीन आकडी असतात. २५० म्हणजे घेतले. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळाने या. पाचने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार. मेल अ‍ॅडमिनच्या कामाचा मोठा भाग आजही लॉगमधले हे आकडे वाचण्यात जातो. नाव सांगणारा खरोखर तोच आहे का, हे तपासण्याची सोय या संभाषणात नव्हती. उलट, अमुक माणूस तुमच्याकडे आहे का आणि अमुक यादीत कोण कोण आहेत, हे परक्याला विचारता यावे म्हणून दोन वेगळ्या आज्ञा ठेवलेल्या होत्या. आज सर्व्हर बसवताना त्या दोन्ही आधी बंद करतात. त्याच महिन्यात आलेल्या आरएफसी ८२२ मध्ये पत्राच्या मथळ्याची रचना ठरली, आणि प्रत्येक ठिकाणी 'पोस्टमास्टर' हा पत्ता असलाच पाहिजे व तो मेलव्यवस्थेच्या जबाबदार व्यक्तीपर्यंत पोचला पाहिजे, असा दंडकही. मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचे पद कागदावर आले ते असे.

या पदावरच्या लोकांचे पुढच्या पंधरा वर्षांतले मुख्य हत्यार बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झाले. तिथे आर्पानेटची जोडणी इंग्रेस या डेटाबेस प्रकल्पाच्या यंत्राला होती आणि ज्याला त्याला त्या यंत्रावर खाते हवे होते. खाती वाटण्यापेक्षा पत्रेच इकडून तिकडे वळवावीत, या विचाराने एरिक ऑलमन यांनी १९७९ च्या सुमारास डिलिव्हरमेल हा प्रोग्रॅम लिहिला. त्याच्या सेटिंग प्रोग्रॅमच्या पोटातच होत्या. एक बदल करायचा तर सगळे पुन्हा कम्पाइल करावे लागे. जाळी वाढत गेली तसे हे परवडेना. मग ऑलमन यांनी सेटिंग बाहेर काढून एका मजकुराच्या फाइलीत ठेवल्या आणि त्या प्रोग्रॅमला सेंडमेल असे नाव दिले. १९८३ च्या आसपास तो बर्कली युनिक्सबरोबर सगळीकडे गेला.

सेंडमेलच्या फाइलीची पुढे इतकी टवाळी झाली की ती तशी का लिहिली गेली हे विसरले गेले. त्या काळी पत्त्याची एक रीत नव्हती. आर्पानेटवरचा पत्ता शेवटाकडून वाचायचा: आधी यंत्र, मग माणूस. टेलिफोनवरून चालणाऱ्या यूयूसीपी जाळ्यावर पत्ता म्हणजे प्रवासाची वाट असे; मधल्या प्रत्येक यंत्राचे नाव उद्गारचिन्हाने जोडून लिहायचे आणि सुरुवातीकडून वाचायचे. एकाच पत्त्यात दोन्ही चिन्हे आली तर पत्र आधी पहिल्या यंत्राकडे न्यायचे की शेवटच्या, याचा निर्णय करणारा सर्वमान्य नियम नव्हता. शिवाय विद्यापीठाचे स्वतःचे बर्कनेट होतेच. ऑलमन यांनी यावर पत्ते तोडून पुन्हा जुळवणारी नियमांची छोटी भाषाच तयार केली. प्रत्येक नियमाच्या डाव्या बाजूला पत्त्याचा साचा, उजव्या बाजूला त्याचे नवे रूप, आणि दोहोंच्या मध्ये टॅब. टॅबऐवजी साध्या जागा पडल्या की नियम मोडायचा, आणि डोळ्यांना फरक दिसायचा नाही. डॉलर, तारका, कोनी कंस यांनी भरलेल्या त्या ओळी वाचता येणारा माणूस संस्थेत एखादाच असे. त्याच्या रजेच्या काळात त्या फाइलीला कोणी हात लावत नसे. १९९३ मध्ये ओ'रायली या प्रकाशनाने सेंडमेलवर पुस्तक काढले. मुखपृष्ठावर वटवाघूळ होते, आणि पुढच्या आवृत्तीची पाने हजाराच्या वर गेली. त्याच सुमारास आलेल्या आठव्या आवृत्तीपासून सोप्या सूचना लिहून त्यातून मूळ फाइल तयार करून घेण्याची पद्धत रूढ झाली आणि नियम हाताने लिहिण्याची गरज संपत आली.

या फाइलीचा लहरीपणा सांगणारी एक हकिकत या पेशात सगळ्यांना माहीत असते. ती १९९० च्या दशकातल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची आहे आणि तिथले तेव्हाचे व्यवस्थापक ट्रे हॅरिस यांनी २००२ मध्ये सांगितली. काही तपशील आपण सोयीसाठी बदलले आहेत हेही त्यांनीच पुढे कबूल केले. संख्याशास्त्र विभागाची तक्रार अशी होती की त्यांचे ई-मेल ५०० मैलांच्या पलीकडे जात नाही. तक्रार हास्यास्पद वाटली, पण पडताळल्यावर खरी निघाली. कोणी तरी त्या यंत्राची कार्यप्रणाली अद्ययावत करताना सेंडमेलची जुनी, पाचवी आवृत्ती बसवली होती. फाइल मात्र आठवीची राहिली. जुन्या आवृत्तीला फाइलीतले लांब नावांचे पर्याय कळेनात, म्हणून तिने ते सोडून दिले. त्यात जोडणीसाठी किती वेळ थांबायचे हा आकडाही गेला आणि त्याची किंमत शून्य झाली. त्या यंत्रावर शून्य म्हणजे प्रत्यक्षात तीनेक मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश सुमारे ९०० किलोमीटर, म्हणजे साडेपाचशे मैलांच्या आसपास जातो. त्यापलीकडचा सर्व्हर उत्तर देईपर्यंत सेंडमेल फोन ठेवून मोकळा होत असे.

याहून महाग पडलेली चूक २ नोव्हेंबर १९८८ रोजी उघडी पडली. सेंडमेलमध्ये तपासणीसाठी ठेवलेली 'डीबग' ही सोय अनेक ठिकाणी चालूच राहिली होती; तिच्यातून पत्राच्या जागी आज्ञा पाठवून यंत्रावर चालवता येत. कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याच्या 'वर्म'ने ज्या वाटांनी हजारो यंत्रे ठप्प केली त्यांतली ही एक. न वापरलेली प्रत्येक सोय बंद ठेवावी, हा नियम मेलच्या कारभारात तेव्हापासून रुजला.

दरम्यान पत्त्याचा घोळ दुसऱ्याच दिशेने सुटला होता. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे यंत्रांची नावे आणि क्रमांक यांच्या विखुरलेल्या निर्देशिकेची, रचना मांडली आणि जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी आरएफसी ९७४ मध्ये 'एमएक्स' नोंद पक्की केली. अमुक डोमेनची पत्रे कोणते यंत्र घेते, हे या नोंदीतून जगाला कळते. एकाच डोमेनच्या अनेक नोंदी ठेवता येतात. लहान आकड्याचे यंत्र आधी, ते बंद असेल तर मोठ्या आकड्याचे. कंपनीचे नाव आणि कंपनीचे यंत्र यांची गाठ सुटली ती या नोंदीमुळे. सर्व्हर बदलला तरी पत्ता तोच राहू लागला. राखीव सर्व्हरवर सहसा कमी लक्ष असते हे पुढे स्पॅम पाठवणाऱ्यांनीही ओळखले आणि ते मुद्दाम मोठ्या आकड्याच्या यंत्रावर जाऊ लागले.

कचेऱ्यांची कहाणी बराच काळ या सगळ्यापासून वेगळी होती. मोठ्या कंपन्यांत आयबीएमच्या मेनफ्रेमवर प्रॉफ्स नावाची व्यवस्था असे, लहानांत सीसी:मेल किंवा मायक्रोसॉफ्ट मेल. १९८९ मध्ये लोटस नोट्स आले. बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध एखाद्या गेटवेपुरता असे. मिटवलेले पत्र मिटत नाही, हा या कचेऱ्यांना मिळालेला पहिला मोठा धडा. गुप्त शस्त्रविक्रीच्या इराण-काँट्रा प्रकरणात अमेरिकेच्या व्हाइट हाउसमधील ऑलिव्हर नॉर्थ व जॉन पॉइंडेक्स्टर यांनी प्रॉफ्सवरचे निरोप काढून टाकले होते. पण रोजच्या बॅकअपच्या टेपांवर ते शाबूत होते आणि १९८७ मध्ये चौकशीत वाचले गेले. बॅकअप किती दिवस ठेवायचा हा प्रश्न तोवर टेपांच्या खर्चाचा होता, पुढे तो वकिलांचाही झाला.

युरोपातली टेलिफोन खाती आणि सरकारे एसएमटीपीला गांभीर्याने घेत नव्हती. त्यांची निवड होती १९८४ साली ठरलेली एक्स.४०० ही नियमावली. पोच, ओळख, अग्रक्रम, सगळे तिच्यात होते. पत्ता मात्र देश, सेवा, संस्था, विभाग, आडनाव अशा तुकड्यांचा, आणि व्हिजिटिंग कार्डावर न मावणारा. तिचा पराभव झाला तो योग्यच झाला, पण तिच्या कितीतरी कल्पना मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरमध्ये शिरल्या. १९९६ मध्ये आलेली त्याची पहिली आवृत्ती ४.० क्रमांकाची होती आणि आतून बरीचशी एक्स.४०० च्या वळणाची होती. पत्रे, कॅलेंडर, कर्मचाऱ्यांची निर्देशिका हे सगळे एकाच ठिकाणी आल्यामुळे मेल अ‍ॅडमिन हा एकदम कंपनीच्या मध्यभागी आला. कोण कोणाच्या हाताखाली, कोणत्या यादीत कोण, कोणाचा मेलबॉक्स केवढा, हे त्याच्या पडद्यावर दिसू लागले. स्वस्त आवृत्तीत सगळी पत्रे मिळून १६ जीबीची मर्यादा होती. ती गाठली की पत्रांचे कोठार बंद पडायचे आणि मोठ्या साहेबांचे जुने मेल कोणी मिटवायचे यावर बैठका व्हायच्या.

याद्यांचा धोका खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये १९९७ साली दिसला. 'बेडलाम डीएल३' नावाच्या चाचणीच्या यादीत कंपनीतले हजारो कर्मचारी होते. एकाने आपल्याला यादीतून काढावे असे सर्वांना लिहिले, मग 'मलाही' म्हणणाऱ्यांची आणि 'सर्वांना उत्तर देऊ नका' असे सर्वांनाच सांगणाऱ्यांची रीघ लागली. लाखो प्रतींनी सर्व्हर गुदमरले. एक पत्र किती जणांना पाठवता येईल याची मर्यादा, आणि मोठ्या यादीला कोण लिहू शकेल याची परवानगी, या दोन सेटिंगांना अशा दिवसांनंतर महत्त्व आले.

भारतात मेल सर्व्हरचा आरंभ मुंबईशी बांधलेला आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ मध्ये अर्नेट हा संगणक-जाळ्याचा प्रकल्प सुरू केला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीतील विभाग स्वतः आणि मुंबईची एनसीएसटी होती. एनसीएसटी ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संगणक गटातून निघालेली, पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालेली संस्था; एस. रामाणी तिचे प्रमुख होते. ती आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनवरून, यूयूसीपीच्या पद्धतीने, पहिली पत्रे गेली. देशातल्या पत्रांची बाहेर जाण्याची वाटही एनसीएसटीतूनच निघाली: १९८९ च्या सुमारास अमेरिकेतील व्हर्जिनियातल्या यूयूनेटशी ९.६ केबीपीएसची भाड्याची लाइन जोडली गेली. एवढ्या वेगाने आजचे एक साधे छायाचित्र जायला अर्धा तास लागेल; मजकुराच्या पत्रांना ती पुरत होती. '.इन' डोमेनचा कारभारही २००५ च्या आधी एनसीएसटीकडेच होता.

कंपन्यांच्या वाट्याला इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या सेवेतून. मुंबईकरांचे पत्ते 'गियासबीएम०१' या सर्व्हरच्या नावाने संपत. गेटवे इंटरनेट अ‍ॅक्सेस सर्व्हिस, बॉम्बे, क्रमांक एक. स्वतःचे डोमेन आणि चोवीस तास चालणारी लाइन थोड्यांनाच परवडे. बाकीच्या कचेऱ्यांनी एक युक्ती चालवली. निगमाकडे खाते एकच. आतली माणसे वीस-तीस. कचेरीतला एक संगणक ठरावीक वेळाने मोडेमवरून फोन लावी, त्या एका मेलबॉक्समधली सगळी पत्रे उतरवून घेई आणि मथळ्यातले नाव पाहून आतल्या माणसांत वाटे. बाहेर जाणारी पत्रे तोवर क्यूमध्ये थांबत. हे काम करणारा फेचमेल हा प्रोग्रॅम आणि सेंडमेल, दोन्ही लिनक्सबरोबर फुकट मिळत. पीसीक्वेस्ट मासिकाच्या सीडींवरून ते लिनक्स गावोगावच्या कचेऱ्यांत पोचले होते. या पद्धतीत एक खोट होती. पत्राच्या लिफाफ्यावरचे नाव निगमाच्या मेलबॉक्समध्ये पडतानाच गळून जाई. मथळ्यात नाव नसले, म्हणजे पत्र 'बीसीसी'ने आले असले, तर ते नेमके कोणाचे हे आतल्या संगणकाला कळत नसे आणि ते पोस्टमास्टरच्या खात्यात जाऊन पडे. त्यामुळे लहान कचेऱ्यांतल्या अ‍ॅडमिनला नको ती गुपिते कळत.

मराठी पत्रांचा प्रश्न आणखी वेगळा. एसएमटीपी सात बिटांची, म्हणजे साध्या रोमन अक्षरांपुरती. नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये माइम ही जोड दिली, तेव्हा चित्रे, ध्वनी आणि इतर लिप्या पत्रात गुंडाळून पाठवता येऊ लागल्या. तरी अक्षरांचे सर्वमान्य संकेत नव्हते. जो तो आपापल्या फाँटमध्ये लिही आणि दुसऱ्याच्या पडद्यावर चौकोन उमटत. परदेशातले मराठी लोक अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्स पद्धतीने रोमन अक्षरांत मराठी लिहीत. युनिकोड रुळल्यावर हा त्रास सरला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइटचे असते आणि बेस-६४ मध्ये गुंडाळले की ते चार अक्षरांचे होऊन प्रवास करते. पत्ताच देवनागरीत लिहिण्याची सोय मात्र २०१२ च्या नियमावलीने केली. '.भारत' हे डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये खुले झाले, पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रॅमने देवनागरी पत्त्यांना २०१५ च्या ३.० आवृत्तीत आधार दिला. पण वाटेतला प्रत्येक सर्व्हर 'मला हे चालते' असे म्हणाला तरच असे पत्र पुढे जाते. एकाने नाही म्हटले की परत. त्यामुळे देवनागरी पत्ता असलेल्यालाही जोडीला रोमन पत्ता ठेवावाच लागतो.

या सगळ्यापेक्षा मोठा बदल घडवला तो स्पॅमने. कोणाचेही पत्र घेऊन कोणालाही पुढे धाडणारा सर्व्हर, म्हणजे ओपन रीले, हा १९९० पर्यंत शेजारधर्म मानला जाई. लाइनी तुटत, यंत्रे बंद पडत; मधल्याने आपले समजून पत्र पुढे द्यावे ही रीत होती. १९९५ नंतर जाहिरातवाल्यांनी तिचा फायदा घेतला. पत्राची एक प्रत आणि शेकडो पत्ते अशा परक्या सर्व्हरच्या गळ्यात घालायचे. वितरणाचा खर्च त्याचा, शिव्याही त्यालाच. सकाळी कचेरीत यावे तर क्यूमध्ये हजारो अनोळखी पत्रे आणि तितकेच बाउन्स, म्हणजे न पोचता परत आलेली पत्रे, असा अनुभव त्या काळातल्या अनेक अ‍ॅडमिनना आला.

यावरचा उपाय गावकीतला होता: वाळीत टाकणे. पॉल विक्सी यांनी १९९७ च्या सुमारास अशा सर्व्हरांच्या आयपी पत्त्यांची काळी यादी चालवायला सुरुवात केली, आणि ती डीएनएसमधूनच विचारता येईल अशी सोय केली. पत्र देणाऱ्याचा क्रमांक उलटा करून यादीला विचारायचा. उत्तर आले तर तो यादीत आहे. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांची स्पॅमहाउस ही संस्था निघाली, ती आजही हे काम करते. कोणी निवडून दिलेले नसताना या याद्या कंपन्यांचा पत्रव्यवहार बंद पाडू शकत होत्या. त्यावर खटले झाले, भांडणे झाली, पण ओपन रीले नाहीसे झाले ते याच धाकामुळे. १९९८ मधल्या सेंडमेल ८.९ ने परक्यांची पत्रे पुढे न देणे हीच मूळ स्थिती केली. चार प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर उलटले ते त्या वर्षी.

सेंडमेलचे प्रतिस्पर्धीही याच काळातले. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये एक्झिम लिहिला. गणितज्ञ डॅनियल बर्नस्टीन यांच्या क्यूमेलची १.० आवृत्ती १९९७ मध्ये आली आणि त्यातली सुरक्षेची चूक दाखवणाऱ्याला त्यांनी ५०० डॉलरचे बक्षीस लावले. आयबीएममधील वित्से व्हेनेमा यांचा पोस्टफिक्स डिसेंबर १९९८ मध्ये बाहेर पडला. क्यूमेल आणि पोस्टफिक्स या दोघांनी एकाच प्रचंड प्रोग्रॅमचे काम छोट्या, कमी अधिकारांच्या प्रोग्रॅमांत वाटून दिले. पोस्टफिक्सची फाइल तर सरळ वाचून कळते. तिच्यामुळे हे काम सामान्य अ‍ॅडमिनच्या आवाक्यात आले.

मार्च १९९९ मध्ये मेलिसा आणि मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' या विषाणूंनी ओळखीच्या माणसाच्या नावाने पत्रे धाडली. अनेक मोठ्या कंपन्यांनी सर्व्हर स्वतःहून बंद केले. जोडलेल्या फाइलीचे शेपूट पाहून पत्र अडवणे आणि दारातच विषाणू तपासणे हे मग नित्याचे झाले. २००१ मध्ये स्पॅमअसॅसिन आले: प्रत्येक संशयाला गुण, बेरीज ठरलेल्या आकड्यापुढे गेली की स्पॅम. २००३ मधली ग्रेलिस्टिंगची युक्ती याहून मजेदार. अनोळखी सर्व्हरला चारच्या आकड्याने 'थोड्या वेळाने या' सांगायचे. खरा सर्व्हर नियमाप्रमाणे परत येतो, स्पॅमवाला सहसा येत नाही. महत्त्वाचे टेंडर पंधरा मिनिटे उशिरा आले की या युक्तीचे कौतुक संपे.

ओळख पटवण्याची व्यवस्था शेवटी डीएनएसमध्येच सापडली. मेंग वेंग वाँग यांच्या पुढाकारातून आलेले एसपीएफ २००६ मध्ये नियमावलीत गेले: आमच्या डोमेनची पत्रे अमुक यंत्रांवरूनच येतील. याहू आणि सिस्को यांच्या योजना एकत्र होऊन २००७ मध्ये डीकेआयएम झाले. त्यात पत्रावर सर्व्हरची गणिती सही असते. ही दोन्ही नापास झाली तर काय करायचे, हे सांगणारे डीमार्क २०१२ मध्ये आले. अडचणी कागदावर दिसल्या त्यापेक्षा जास्त निघाल्या. पत्र पुढे वळवले की एसपीएफ मोडते. एसपीएफच्या नोंदीत दहापेक्षा जास्त डीएनएस चौकशा चालत नाहीत. पगारपत्रके एका सेवेकडून, जाहिराती दुसरीकडून, बिले तिसरीकडून पाठवणाऱ्या कंपनीची ती मर्यादा पाहता पाहता संपते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी 'नापास झाले तर नाकारा' असे जाहीर केले आणि जगभरातल्या मेलिंग लिस्टांमधली याहूच्या सदस्यांची पत्रे रातोरात परत येऊ लागली.

एवढे सांभाळणे लहान कंपनीला जड जाऊ लागले, आणि सर्व्हर घराबाहेर गेला. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी एक जीबी जागेसह आले. कंपन्यांसाठीची गुगलची सेवा २००६ मध्ये, मायक्रोसॉफ्टचे ऑफिस ३६५ जून २०११ मध्ये. घरी राहिलेल्यांची परीक्षा थांबली नाही. मार्च २०२१ मध्ये एक्स्चेंजमधल्या चार छिद्रांचे पॅच घाईने आले, तोवर हजारो सर्व्हरांत घुसखोरी झालेली होती. १ जानेवारी २०२२ रोजी तर जगभरच्या एक्स्चेंज सर्व्हरांवर पत्रे क्यूमध्ये अडकली. विषाणू तपासणाऱ्या भागाचा आवृत्ती क्रमांक तारखेवरून बनत होता. २२ हे वर्ष लागताच तो २,१४,७४,८३,६४७ या ३२ बिटांच्या कमाल संख्येपुढे गेला आणि तो भागच कोसळला. नववर्षाच्या सुटीत अ‍ॅडमिनना कामावर यावे लागले. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने लॉग १८० दिवस ठेवणे आणि घुसखोरी सहा तासांत कळवणे बंधनकारक केले.

आता नियम बहुतांशी मोठे वाहकच ठरवतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५,००० च्या पुढे पत्रे धाडणाऱ्या डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीची आहेत आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. नव्या आयपी पत्त्यावरून सुरू केलेल्या निर्दोष सर्व्हरचीही पत्रे सुरुवातीला स्पॅममध्ये जाण्याची शक्यता मोठी असते, आणि दाद मागायला दार नसते. मक्तेदारी कायद्याने आली नाही, संशयाने आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ यांचे साहाय्य संपले. ज्यांना सर्व्हर अजूनही आपल्याच खोलीत हवा आहे त्यांच्यापुढे मायक्रोसॉफ्टची वर्गणीवरची नवी आवृत्ती किंवा पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स सांभाळणारा डव्हकॉट यांची फुकट जोडी, असे दोन मुख्य पर्याय आहेत.